थांबलेली पालखी

दोह्यातल्या आमच्या घरी पाहुणे आले की आई श्रीखंड करायची आणि बाबा पालखीची गोष्ट सांगायचे. दोन्हींची कृती ठरलेली होती. चक्का टांगत बसायला आईला सवड नसायची, म्हणून ती कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे वाण्याकडून, लबने, म्हणजे तिकडचं घट्ट दही, आणायची आणि त्यातच साखर घोटायची. लबने मुळात किंचित खारट, त्यामुळे आमचं श्रीखंडही किंचित खारट लागायचं, आणि पाहुणे सभ्यपणे म्हणायचे, "काहीतरी वेगळीच चव आहे हो." बाबांची गोष्ट मात्र दरवेळी तशीच गोड व्हायची. एका वर्षी दोह्यात धुळीचं वादळ आलं, विमान रखडलं, आणि शिमग्याला सकाळी गावात असायचे ते बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले. पाहतात तर ग्रामदेवतेची पालखी सहाणेवर तशीच. सहाण म्हणजे पालखी टेकवायचा दगडी चौथरा. भोवती आंब्याच्या सावलीत सगळी म्हातारी-कोतारी माणसं बसलेली, ढोल गप्प. "अख्खं गाव थांबलं होतं," बाबा म्हणायचे आणि चमचा वाटीत ठेवायचे. "खोताचा नारळ पडल्याशिवाय आमच्याकडे पालखी उठत नाही." पुण्या-नाशकाचे पाहुणे "वा" म्हणायचे. मी लहान होते तोवर मीही मनातल्या मनात "वा" म्हणायचे.

कोकणात आमच्या घराण्याकडे एका गावाची खोती होती. सरकारसाठी सारा गोळा करायचा, भांडणं सोडवायची, कुळांकडून भात आणि मान दोन्ही घ्यायचे, आणि स्वतः नांगराला कधी हात लावायचा नाही, असा तो कारभार. आजोबांच्या डोळ्यांदेखत खोती गेली. कूळकायद्याने जमिनी कसणाऱ्यांच्या झाल्या, आणि त्या त्यांच्याच व्हायला हव्या होत्या, हे बाबाही मान्य करायचे, निदान पोट भरलेलं असताना. उरलं काय, तर एक कुलूपबंद घर, मागची दहा-बारा हापूसची कलमं आणि शिमग्यातला तो मान. पहिला नारळ खोताचा, आणि सहाणेवरून उठलेली पालखी पहिल्यांदा नाचायची ती खोताच्या अंगणात. आई नाशिकची, मास्तरांची मुलगी, तिला या प्रकाराचं काडीइतकं कौतुक नव्हतं. "बडा घर, पोकळ वासा," ती म्हणायची, आणि बाबा ऐकू न आल्यासारखं करून टीव्हीचा आवाज वाढवायचे.

या मानाची किंमत आम्ही दरवर्षी उन्हाळ्यात मोजायचो. बाबांची रजा सगळी मार्चात संपलेली असायची. जून-जुलैत अल मुंतझातली आमची अख्खी इमारत भारतात निघून जायची, जिन्यात फक्त आमच्याच चपला उरायच्या, आणि आम्ही तिघं एकाच खोलीतला एसी लावून, पडदे ओढून, आमसुलाचं सार पीत दिवस काढायचो. शिवाय मार्चात माझ्या परीक्षा. पेपरच्या दिवशी सकाळी हातावर दही-साखर ठेवायला बाबा कधीच नसत. मला घरात फार लवकर इंग्रजीत भांडता यायला लागलं, त्याचं एक कारण हेही असावं. "व्हाय कान्ट दे स्टार्ट विदाउट यू?" मी विचारायचे. बाबा शांतपणे मराठीत उत्तर द्यायचे, "तशी रीत नाही."

त्या वर्षांत दोह्यात काहीच एका जागी थांबत नव्हतं. फुटबॉलचा विश्वचषक यायचा होता आणि सगळं शहर त्याच्या तयारीला लागलं होतं. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन वाढत होत्या, मेट्रोच्या खोदकामाचा धक्का स्वयंपाकघरातल्या मांडणीला जाणवायचा, आणि मागे सरकणाऱ्या डंपरची टुंग टुंग अजानेत मिसळून जायची. शाळेची बस रोज नव्या वळणाने जायची. आई खिडकीची कड सकाळी पुसायची, दुपारपर्यंत तिच्यावर पुन्हा बोटाने नाव लिहिता येईल इतकी धूळ. बाबा एका रस्ते बांधणाऱ्या कंपनीत होते. नकाशे आणि कागद सांभाळायचं काम, साइट ऑफिस उम्म सलाल मोहम्मदच्या बाजूला. तिथल्या खजुरीच्या बागांतून नवे रस्ते निघत होते. एखाद्या जुन्या मजऱ्याची, म्हणजे शेताची, मातीची भिंत पाडली की बाबा त्या दिवशी जेवताना जरा कमी बोलत. "फाटक तेवढं उभं आहे," ते म्हणाले होते एकदा. "दोन्ही बाजूंनी गाड्या जातात, आणि मध्ये फाटक."

त्याच साइटवर दत्ताराम काका होते. आमच्या गावचे, आमच्या जुन्या कुळाच्या घरातले. काँक्रीट ओतायच्या आधी लाकडी साचा उभारतात, त्या कामाचे ते फोरमन होते आणि त्यांच्या हाताखाली चाळीसेक माणसं होती. कंपनीत बाबांपेक्षा त्यांचं वजन जास्त असावं, कारण बाबांचे कागद दोन दिवस अडले तरी चालायचे, काकांचा साचा दोन तास अडलेला चालत नसे. शुक्रवारी ते कॅम्पाच्या बसने शहरात येत आणि आमच्याकडे चहाला थांबत. कधी गावाहून आलेलं कुळथाचं पीठ, कधी आमसुलं. दाराबाहेर बूट, आणि आत आल्यावर गालिच्याच्या कडेला, भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बैठक. "अरे दत्ताराम, वर बस," बाबा सोफ्यावरून म्हणायचे. "बरा हाय हितंच, खोतानू," काका म्हणायचे. दर शुक्रवारी हे एकदा व्हायचंच. बाबांचं म्हणणं मनापासून असायचं, काकांचं उत्तरही, आणि त्या दोन वाक्यांनंतर दोघांनाही हायसं वाटल्यासारखं दिसायचं. मी एकदा पुढे होऊन म्हटलं, "अंकल, प्लीज सिट ऑन द सोफा." काका हसले. "बाय माजी," म्हणाले, "त्या गादीत मानूस रुततो. उठवनार कोन?"

मी बारावीत होते त्या वर्षी साइटवरच्या सगळ्या रजा बंद झाल्या. एक मोठा पूल ठरल्या वेळेत उभा राहायला हवा होता, तोवर कुणी देशाबाहेर जायचं नाही. तेव्हा कंपनीच्या सहीचं एक्झिट परमिट असल्याशिवाय विमानतळ ओलांडता येत नसे, त्यामुळे गुपचूप जाऊन येण्याचा प्रश्नच नव्हता. बाबांनी साहेबांना विनवलं. साहेब आयरिश होते, उंच, उन्हाने लालबुंद झालेले, आणि त्या दिवसांत कुणाचंही पुरतं ऐकून घ्यायला त्यांना वेळ नव्हता. "फेस्टिव्हल? नेक्स्ट इयर, इन्शाल्ला," एवढं म्हणून ते फोनला लागले. बाबा घरी आले, डबा ओट्यावर ठेवला आणि बूट न काढताच म्हणाले, "मी राजीनामा देतोय."

आई पिठलं ढवळत होती, ती ढवळतच राहिली. पिठल्यात गुठळी झालेली तिला कोणत्याही परिस्थितीत खपत नसे. "कशासाठी?" तिने विचारलं.

"पालखी अडून राहील. गाव बसून राहील माझ्यासाठी. पणजोबांपासून एक वर्ष चुकलेलं नाही."

"आणि हिची परीक्षा?" आई म्हणाली. "तुम्ही कंपनी सोडली की माझा व्हिसा गेला, हिचा गेला. अर्ध्या पेपरांत हिला उचलून न्यायची? नाशकात काय, गावात काय, कुठे ठेवायची? आणि तुम्ही तिथे काय करणार? दहा कलमांचे आंबे मोजणार?"

"काहीतरी करीन."

"सुंभ जळाला तरी पीळ जात नाही," आई म्हणाली. एरवी ही म्हण ती चेष्टेत वापरायची. त्या दिवशी चेष्टा नव्हती.

मी दाराशी उभी होते. मला राग आला, भीतीही वाटली, आणि त्यांच्या बुटांवरची धूळ बघून त्यांची कीवही आली. या सगळ्यासाठी एक शब्द मला तेव्हा इंग्रजीतही सापडला नाही आणि मराठीतही नाही. बाबा गंमत करत नव्हते. रविवारी सकाळी साहेबांना सांगतो, म्हणाले, आणि आंघोळीला गेले. आईने गॅस बंद केला आणि दत्ताराम काकांना फोन लावला. तिने त्यांना आधी कधी फोन केलेला मला आठवत नाही.

शुक्रवारी काका आले ते नेहमीपेक्षा लवकर. हातात काही नव्हतं. "वर बस" आणि "बरा हाय हितंच" झालं. आईने चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतला आणि तसाच समोर ठेवला. बराच वेळ साइटवरच्या गप्पा झाल्या. मग बशीकडे बघत काका म्हणाले, "खोतानू, येक सांगू? रागवू नका."

"बोल."

"राजीनामा देव नका. पालकी अडत न्हाय."

"असं कसं? तूच पाहिलंस की, गावात होतास तेव्हा. विमान रखडलं त्या वर्षी..."

"त्याच सालचं सांगतंय." काकांनी खाली मान घातली. "त्या साली पालकी वेळेवर उठली व्हती. वरची वाडी झाली, खालची वाडी झाली. तुमचा फोन आला, गाडी घाट उतरली म्हनून, तवा पोरांनी पळवत आनून परत सहानंवर ठिवली. गुलाल पुसला. पोरं पांगली, आमी उरलेली सावलीत जाऊन बसलाव."

खाली रस्त्यावर कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होतं.

"आनि मंग त्या सालापासनं तसंच चाललंय," काका पुढे म्हणाले. बोलायला सुरुवात केल्यावर आता त्यांना सगळंच सांगून टाकायचं होतं. "मुंबयवाली पोरं शनवार-रयवारची येतात, त्यांना रजा कुटं? त्यांच्यासंगं पालकी आदीच फिरवून घेताव. तिथीला तुमी येता, तवा परत करताव. तुमी इतक्या लांबनं येता, म्हनून."

"म्हणून पालखीखाली सगळे म्हातारे असायचे," बाबा म्हणाले. हे ते आम्हाला सांगत नव्हते. एवढी वर्षं डोळ्यांसमोर होतं ते त्यांना आत्ता दिसलं होतं. मग म्हणाले, "हसत असतील लोक मला."

"हसायचं काय त्यात?" काका पहिल्यांदाच जरा चढ्या आवाजात बोलले. "बाहेरनं जेवून आलाव नि आयशीनं ताट वाढून ठिवलेलं असंल, तर बसतोच ना मानूस परत? तिला का हसतो? फकस्त गावात बोलू नका मी सांगितलं म्हनून. मला वाडीत ऱ्हायचंय."

आता या वयात मला वाटतं, त्या खोलीत सर्वांत मोठी जोखीम काकांनी घेतली होती. एका माणसाची नोकरी वाचवण्यासाठी त्याच्याजवळची एकुलती एक गोष्ट त्यांनी काढून घेतली, तीही अख्ख्या गावाचा शब्द मोडून. आई ओढणीने डोळे पुसत आत गेली. बाबा बाल्कनीत जाऊन क्रेनकडे बघत उभे राहिले. परत आले तेव्हा चेहरा धुतल्यासारखा दिसत होता, आणि त्यांनी जे विचारलं ते मला त्या वेळी अगदीच असंबद्ध वाटलं.

"दत्ताराम, पालखी जड असते का रे?"

खोतांनी पालखीपुढे नारळ ठेवायचा, तिला खांदा लावायचा नाही, अशी रीत. पन्नाशी आलेल्या या माणसाला आपल्या पालखीचं वजन माहीत नव्हतं. काका चहाची गार बशी हातात घेऊन विचार करत राहिले. "किलोत न्हाय सांगता यायचं," ते म्हणाले.

रविवारी बाबा कामावर गेले आणि नेहमीसारखे परत आले. राजीनाम्याचं नाव पुन्हा निघालं नाही. माझ्या फिजिक्सच्या पेपरला त्यांनी माझ्या हातावर दही-साखर ठेवली, जरा जास्तच साखर. त्या शनिवारी गावाहून फोनवर एक व्हिडिओ आला. आमच्या अंगणात, बंद दारासमोर, तरणी पोरं पालखी नाचवत होती. ढोल असा वाजत होता की फोनचा आवाज फाटत होता. पहिला नारळ कुणी ठेवला ते दिसलं नाही आणि बाबांनी कुणाला विचारलंही नाही. त्यांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. "काय नाचवतात," एवढंच म्हणाले. पालखी अशी नाचताना त्यांनी फार वर्षांत पाहिली नव्हती.

पूल झाल्यावर आयरिश साहेबांना उसंत मिळाली. त्यांनी एकदा बाबांना बोलावून विचारलं, काय होतं ते तुमचं फेस्टिव्हल? बाबांनी पालखीची गोष्ट सांगितली, पण या वेळी खरी. काकांचं नाव मात्र त्यांनी तिथेही घेतलं नाही. मग साहेबांनी आपल्या गावची गोष्ट सांगितली. त्यांचे पूर्वज एका बड्या जमीनदाराची कुळं होती. जमीन तुकड्या-तुकड्यांनी गेली, घराचं छप्पर गेलं, शेवटी एक म्हातारी बाई तेवढी उरली, गावात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी. तरी चर्चमध्ये पहिलं बाक तिच्यासाठी रिकामं ठेवायचे. कधीकाळी त्याच घराण्याने ज्यांना घराबाहेर काढलं होतं, त्यांचीच नातवंडं. "का ठेवायचे?" बाबांनी विचारलं होतं. साहेब म्हणाले, माझ्या आईला मी हेच विचारायचो, ती म्हणायची, मग ती बिचारी बसेल कुठे? बाबांनी हे आम्हाला जेवताना सांगितलं आणि ताटातला भात चिवडत राहिले. पुढे मी त्या देशातल्या तसल्या इस्टेटींबद्दल मिळेल ते वाचलं. हक्क गेल्यावरही मागे काय उरतं आणि ते नक्की कोण सांभाळत असतं, याचं उत्तर पुस्तकांपेक्षा मला त्या बाईच्या बाकात जास्त सापडतं.

पुढच्या मार्चात बाबांच्या रजेवर साहेबांनी स्वतः सही केली. आईने बॅग भरली. बाबा तिथीला गेले. म्हणजे सहाणेवर पालखी थांबलेली असणार, सावलीत म्हातारे बसलेले असणार, आणि बाबांना ठाऊक आहे हे गावाला ठाऊक नसणार. मी दोह्यात बसून ते सगळं डोळ्यांसमोर आणत होते. ते कसे उभे राहतील तिथे, असं मला सारखं वाटत होतं.

आठवड्याने परत आले ते जरा वाकडे चालत. आंघोळ करून बनियनवर बसले तेव्हा आईचं लक्ष गेलं. उजवा खांदा काळानिळा झाला होता, मधे सालटं निघालेलं. "अहो, हे काय?" म्हणत ती खोबरेल तेलाची वाटी घेऊन आली.

"नारळ ठेवला," बाबा म्हणाले. "देवाला गाऱ्हाणं घालून झालं. सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हटलं. मग पालखी उचलायला पाचच जण, त्यातल्या एकाचा गुडघा गेलेला. मी खांदा लावला."

"तुम्ही? आणि कोणी काही म्हटलं नाही?"

"म्हणणार होते. तोवर मी उचलली होती."

आई तेल चोळत राहिली. बाबा कण्हत होते, मधूनच हसत होते. "जड होती का?" मी विचारलं, आणि माझ्या नंतर लक्षात आलं की मी मराठीत विचारलं होतं.

"किलोत नाही सांगता यायचं," बाबा म्हणाले.

शुक्रवारी दत्ताराम काका आले. गावाहून त्यांना सगळं कळलं होतं हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. बूट काढले आणि गालिच्याच्या कडेला, आपल्या जागी बसले. आता बाबा "वर बस" म्हणतील म्हणून मी वाट बघत होते. बाबा सोफ्यावरून उठले, दुखरा खांदा सांभाळत, भिंतीला धरून हळूहळू खाली वाकले आणि काकांच्या शेजारी जमिनीवर बसले.

काका एकदम गडबडले. "ह्ये काय खोतानू? वर बसा. वर बसा तुमी."

बाबांनी पाय लांब केले आणि भिंतीला पाठ टेकली.

"बरा हाय हितंच," ते म्हणाले.